नीरा डाव्या कालव्याकाठी सायकल: पहिल्यांदा गटात येणाऱ्यांसाठी

सिंहगड आणि कात्रज चढून तयार झालेली मंडळी कालव्याच्या पाटाला हिशेबातच धरत नाहीत. "सपाटच तर आहे," असं म्हणत येतात आणि बारामती यायच्या आत सीटवर एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर बसायला लागतात. घाटात चढ जीव काढतो खरा, पण पुढचा उतार फुकटात नेतो. पाटाला उतार म्हणजे पाणी आपसूक पुढे सरकेल इतपतच, डोळ्यांना दिसतही नाही. त्यामुळे पायडल थांबलं की सायकल थांबली. इथे दम लागत नाही, अंग आंबतं. मांड्या ठीक असतात. तळहात, मान आणि बैठक बोलायला लागते.

तेव्हा सरावासाठी पुन्हा सिंहगडावर जाऊ नका. सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये, न थांबता दोन-तीन तास बसून राहायची सवय करा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं आणि हँडलवरची पकड बदलायची, हे अंगवळणी पडलं की निम्मी तयारी झाली.

आमचा नेहमीचा मार्ग वीर धरणापासून नीरा गाव, सोमेश्वरनगर, माळेगाव, बारामती असा. बारामतीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी सणसरच्या बाजूने इंदापूर तालुक्यात शिरायचं, पुढे पाट सोडून साध्या रस्त्याने नीरा नरसिंहपूर गाठायचं. नीरा नदी तिथे भीमेला मिळते. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आगेमागे. सडकेने अंतर कमी भरतं, कारण पाट जमिनीची पातळी धरून वळणं घेत जातो. समोर दिसणारं गाव पाटावरून चांगलंच लांब निघतं, हे नव्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं.

हा कालवा १८८५ सालचा, दुष्काळी पट्ट्याला पाणी द्यावं म्हणून काढलेला. उजवा त्याच्यानंतर बराच उशिरा, १९३० च्या दशकात पुरा झाला. तो फलटण-माळशिरसकडे जातो. डाव्याच्या काठाने जाताना एक गोष्ट आपोआप कळते. सुरुवातीला पाट रुंद आणि तुडुंब असतो. मग एकेक फाटा, एकेक चारी फुटत जाते, तसतसा तो अरुंद होत जातो. वरच्या अंगाला ऊस सलग, शेपटाकडे पाण्याच्या पाळीची वाट पाहणारे लोक. चहाच्या टपरीवर "आवर्तन कधी सुटणार?", म्हणजे पाटाला पुढची पाळी कधी येणार, यावर जेवढी चर्चा चालते तेवढी राजकारणावरही नसेल. जिथे पाणी वर्षानुवर्षं जास्त झालं तिथे जमीन खारवट होऊन वर पांढरा थर आलेला दिसतो. सायकलवरून हे जसं दिसतं तसं गाडीच्या काचेतून दिसत नाही, म्हणून मला हा मार्ग आवडतो. फोटोंसाठी येणाऱ्यांची इथे निराशा होईल.

आता रस्ता. तो पाटबंधारे खात्याच्या पाहणीसाठी केलेला. आपण तिथे पाहुणे. कुठे डांबर, कुठे मुरूम, कुठे नुसती माती. पातळ टायरची रोड बाइक आणू नका. पस्तीस-चाळीस मिलिमीटरचा टायर असलेली हायब्रिड उत्तम, एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, असली तरी चालेल. खरा शत्रू खड्डा नाही, काटा आहे. दोन्ही काठांना वेडी बाभूळ माजलेली असते आणि मातीत सराटे. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, भरून घ्या, दोन जादा ट्यूब ठेवा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर पाच मिनिटांत तीही बसते. शेतातल्या मोटारींचे पाइप रस्त्याला आडवे असतात, वर मातीचा उंचवटा केलेला. पुढच्याने ओरडून सांगायचं, "पाइप!"

गट आठ-दहांचा ठेवा. त्यापेक्षा मोठा झाला तर दोन करा. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला आणि सगळ्यात मागे पंपवाला, म्हणजे ज्याच्याकडे हत्यारं आहेत तो. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. बाकी ज्याच्या त्याच्या वेगाने, पण एक नियम मोडायचा नाही: प्रत्येक पुलाशी थांबायचं. पाटावर असं होतं की या काठाचा रस्ता खराब झाला की लोक पूल ओलांडून त्या काठाला जातात. पुढचे चौघे पलीकडे गेले, मागच्यांनी पाहिलं नाही, तर दोन्ही टोळ्या समोरासमोर चालतात, मध्ये पाणी. हाका ऐकू येतात पण भेटता येत नाही, पुढचा पूल येईपर्यंत. पहिल्यांदा गंमत वाटते. पंक्चरचं सामान त्या काठाला आणि पंक्चर या काठाला झालं की वाटत नाही.

पाण्यात उतरायचं नाही. आवर्तन चालू असताना पाट शांत दिसतो, पण ओढ जबर असते. काठाला आतून अस्तर केलेल्या उतारावर शेवाळ असतं, आत गेलेल्याला हाताला धरायला काही सापडत नाही. पट्टीचे पोहणारेही इथे गेलेत. पाय धुवायचे तर पायऱ्यांचा घाट पाहून, तेही दुसऱ्याने हात धरल्यावर. प्यायला तर ते पाणी नाहीच. गावात बाटल्या भरून घ्या.

हंगाम नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात असा भरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आषाढी वारीच्या वाटेवर तर नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान असतं. त्या दिवसांत तिकडे वारीला जा, सायकल घरी ठेवा. हिवाळ्यात अडचण दुसरी: आपण पूर्वेला निघतो, म्हणून सकाळचं ऊन थेट डोळ्यांत आणि बऱ्याचदा वाराही समोरून. टोपी आणि चष्मा लागतोच. वारा असेल तर एकामागे एक चाला, पुढचा बदलत राहा.

हाच उसाच्या तोडणीचाही हंगाम. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून येतात. चालकाला घंटी ऐकू येणार नाही, तुम्हीच कडेला उतरून थांबा. बैलगाड्यांना आणि धनगरांच्या मेंढरांनाही वाट द्या. ऊस विचारल्याशिवाय मोडू नका. विचारलात तर कोणी नाही म्हणत नाही, उलट कोयत्याने सोलून देतील आणि "पुण्यास्नं सायकलवर? गाडी नाही का?" हेही विचारतील. दुपारी खानावळीत पिठलं-भाकरी समोर आली की हात आखडत नाही, पण पोटभर जेवून पुन्हा सीटवर बसणं म्हणजे शिक्षा. अर्धं जेवा, संध्याकाळी वसूल करा.

परतीचं मात्र निघण्याआधी ठरवा. नरसिंहपूरहून सायकली आणायला पिकअप आधी सांगून ठेवलेला बरा, भाडं वाटून घेतलं की जड जात नाही. एसटीच्या टपावर सायकल टाकू, या भरवशावर राहू नका. हल्ली कित्येक गाड्यांना वर कॅरिअरच नसतो. फक्त पहिलाच टप्पा करून परतायचं असेल तर बारामतीहून दौंडकडे रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. वेळ आदल्या दिवशी पाहून घ्या आणि सायकल चढवता येईल का हे स्टेशनवर विचारून ठेवा.