रिटायर झाल्यावर दिवस कसा लावायचा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

रिटायर होणाऱ्या माणसाला सगळे एकच विचारतात, आता पुढे काय, एखादा छंद वगैरे? आणि आपणही काहीतरी सांगून टाकतो, पेटी शिकणार, बाग करणार, भरपूर फिरणार. मी बँकेतून रिटायर झाले आणि आमच्या लोकल गाडीच्या ग्रुपमधल्या बायका एकेक करून घरी बसताना बघितल्या, त्यावरून सांगते, छंदाने दुपार छान जाते पण सकाळी उठायला कारण मिळत नाही. छंदाला आज दांडी मारली तर कोणाचंच काही अडत नाही ना. नोकरीत रोज कोणाचं तरी आपल्यावाचून अडायचं, सही आपलीच लागायची, काउंटर आपल्यालाच उघडायचा असायचा, त्याचा वैताग यायचा पण त्यावरच आपण उभे असायचो. म्हणून शोधायचं ते असं काम की आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेला, कोणीतरी आपली वाट बघत असेल. दोनच दिवस असले तरी चालेल, पगार नसला तरी चालेल.

पण ते पहिल्याच आठवड्यात शोधायला जाऊ नका. पहिले दोन-तीन महिने कोणालाही हो म्हणायचं नाही, हे अगदी लिहून ठेवा. कारण तुम्ही मोकळे झालात हे कळलं की सोसायटी येते, नातेवाईक येतात, ओळखीचा एजंट येतो, कोणाचा तरी भाचा नवीन बिझनेस काढतोय तो येतो, आणि तुम्हाला घरी बसून कसंतरी होत असतं म्हणून तुम्ही सगळ्यांना हो म्हणता आणि मग सहा महिन्यांनी नोकरी बरी होती असं वाटतं. हा काळ कागदांना द्या, घराला द्या आणि शरीराला द्या.

कागदांचं पटकन सांगते. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन यांचे कागद ऑफिसातले लोक आपल्याला ओळखतात तोवरच हलवून घ्या, सहा महिन्यांनी त्या टेबलावर नवीन माणूस असतो. प्रायव्हेट कंपनीत पीएफवाली पेन्शन असेल तर किमान 10 वर्षं सर्व्हिस लागते आणि पूर्ण पेन्शन वयाच्या 58 पासून मिळते. पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम 60 नंतर घेता येते, 30 लाखांपर्यंत, 5 वर्षांसाठी, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात येतं, आणि पैसे भरता त्या दिवशीचा व्याजदर शेवटपर्यंत तोच राहतो. एका बँकेत सगळं ठेवू नका, बँक बुडाली तर ठेवींना विम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला 5 लाखांपर्यंतच असतं. नॉमिनी सगळीकडे तपासा, लग्नाआधी उघडलेल्या खात्याला अजून वडिलांचं नाव नॉमिनी म्हणून असलेले लोक मी काउंटरवर कितीतरी बघितलेत. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो, जीवन प्रमाणचं ॲप आहे, पहिल्या वेळी मुलाला नाहीतर सुनेला शेजारी बसवा, पुढच्या वर्षी स्वतः करा. आणि रिटायरमेंटची मोठी रक्कम खात्यात आल्यावर फोन येतात, पोलीस बोलतोय, सीबीआय बोलतोय, व्हिडिओ कॉलवरून उठू नका, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय. अशी अरेस्ट कायद्यात नाहीच. फोन कट करा, पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या तासाभरात केला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजेने गप्प बसू नका, हे मी फार कळकळीने सांगतेय.

आता घर. इथे पुरुषांचं आणि बायकांचं वेगळं आहे आणि ते वेगळंच सांगायला हवं.

पुरुष रिटायर होऊन घरी आले की त्यांना घरातल्या सगळ्या गोष्टी नव्याने दिसायला लागतात, फ्रिज असा का लावलाय, गॅस इतका मोठा का, भाजीवाल्याला इतके का दिले. जिने तीस वर्षं ते घर चालवलं तिला सकाळी अकरा ते दुपारी चार हा स्वतःचा वेळ होता, तो तुमच्या येण्याने गेला. त्यामुळे सूचना देऊ नका, एक अख्खं काम उचला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. म्हणजे दूध-भाजी तुमची असेल तर काय आणायचं हे विचारण्यापासून निवडून फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंत तुमची, नुसती आणून ओट्यावर पिशवी ठेवून पेपर वाचायला बसायचं नाही. रोज एकदा तरी दोन-तीन तास घराबाहेर जा, काम असो नसो.

बायकांचं उलटं होतं. आपण रिटायर झालो की घरच्यांना वाटतं आता ही फुलटाइम घरची. स्वयंपाकाची बाई बंद करू का, नातवाला पाळणाघरातून काढू का, असे प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत येतात, आणि प्रेमाने येतात म्हणून नाही म्हणता येत नाही. स्वयंपाकाची बाई अजिबात बंद करू नका, वाटल्यास पैसे तुम्ही द्या. नातवंडं सांभाळायची तर आनंदाने सांभाळा, त्याच्यासारखं सुख नाही, पण वार आणि वेळ ठरवून. दुपारी शाळेतून आणणं माझं, सहानंतर तुमचं, बुधवारी मी नाही. हे मुलीशी-सुनेशी चहा पिताना मोकळेपणाने बोला, रागावल्यावर बोलू नका. आमच्याकडे हे पहिल्याच महिन्यात बोलणं झालं आणि सुनेलाच जास्त बरं वाटलं, कारण आईंना आवडतंय की नाही हा अंदाज घेत बसायची तिला गरज उरली नाही.

शरीराचं फार लिहीत नाही, डॉक्टर सांगतातच. एवढंच की चालायला एकटे जाऊ नका. ठाण्यात सकाळी तलावपाळीला, कचराळीला, उपवनला जा, नवी मुंबईत नेरुळच्या ज्वेलला नाहीतर वाशीच्या मिनी सीशोरला जा, सगळीकडे आपल्या वयाचे ग्रुप असतात, कोणी हाताने टाळ्या वाजवत असतात, कोणी प्राणायाम, कोणी नुसत्या गप्पा. रोज एकाच वेळेला एकाच ठिकाणी आठवडाभर गेलात की चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी स्वतःहून बोलतं. आणि त्यानंतर एक दिवस गेला नाहीत तर विचारतात, काल दिसला नाहीत? गाडीचा ग्रुप सुटल्याचं दुःख ज्यांना झालं असेल त्यांना हे विचारणं किती मोलाचं असतं ते कळेल. ठाणा लोकलमध्ये वर्षानुवर्षं एकाच डब्यात बसलेल्या माणसांनी आपली बाळंतपणं, मुलांच्या दहाव्या, सासूचं आजारपण सगळं बघितलेलं असतं, तो ग्रुप ऑफिसपेक्षा मोठा असतो. तो सोडू नका बरं का, महिन्यातून एक दुपार ठरवा, गडकरी रंगायतनला नाटक नाहीतर कोणाच्या तरी घरी, आणि दिवस पक्का ठेवा, "भेटूया एकदा" वर सोडलं की भेट होत नाही.

जे मोठ्या हुद्द्यावरून उतरलेत त्यांना आणखी एक गोष्ट जड जाते, फोन वाजायचा थांबतो. ज्याला दिवसाला पन्नास फोन यायचे त्याला दोन येतात, त्यातला एक क्रेडिट कार्डवाल्याचा. ते फोन खुर्चीला होते हे डोक्याला कळतं पण मनाला कळायला काही महिने जातात, तेवढे जाऊ द्या. या काळात जुन्या ऑफिसात वरचेवर जाऊ नका. ते लोक चहा देतात, खुर्ची देतात, पण त्यांना काम असतं आणि परत येताना आपल्यालाच जास्त वाईट वाटतं.

हे सगळं बसलं, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, की मग काम शोधायचं. आधी एक कागद घ्या आणि तीस-पस्तीस वर्षांत तुम्ही प्रत्यक्षात काय करत होता ते लिहा, हुद्दा लिहू नका, क्रिया लिहा. मी लिहिलं होतं, हिशेब जुळवणे, घाबरलेल्या माणसाला फॉर्म समजावणे, रांगेतल्या चिडलेल्या लोकांशी शांतपणे बोलणे. रबाळे-महापेच्या कंपनीत मशीन शॉपला असाल तर लिहाल, नवीन पोराला हाताला धरून काम शिकवणे, आवाजावरून मशीनची खोट ओळखणे. हे ज्यांना हवंय असे लोक आपल्या दोन-तीन किलोमीटरच्या आत असतात.

सगळ्यात जवळची म्हणजे आपली सोसायटी, पण इथे जपून. सेक्रेटरी व्हा म्हणून मागे लागतील, लगेच होऊ नका, कमिटीची मुदत पाच वर्षांची असते आणि पार्किंग आणि लीकेजच्या भांडणात माणूस कंटाळून जातो. त्यापेक्षा एकच फाईल मागून घ्या. ठाण्यातल्या जुन्या कितीतरी सोसायट्यांचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे, आणि रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला की सगळे तिथे अडतात. बिल्डर करून देत नसेल तर सरकारी ऑफिसातून ते करून घेता येतं, त्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात. त्याची फाईल म्हणजे कागद गोळा करणं, प्रत्येक फ्लॅटचा करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे त्याच्या नोंदणीचा उतारा, मिळवणं, उपनिबंधकांच्या ऑफिसात पाठपुरावा करणं, नोकरीवाल्याला हे जमत नाही आणि आपल्याला येतं. हिशेब कळत असतील तर दरवर्षी 30 सप्टेंबरच्या आत जनरल बॉडी घ्यायची असते, त्याआधी हिशेब वाचून देणारा माणूस व्हा. काम ठरलेलं असलं आणि त्याला शेवट असला की मन लागतं.

दुसरं, वाचून दाखवणं, आणि हे मला सगळ्यात जवळचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. न दिसणाऱ्या मुलांना परीक्षेला लेखनिक लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण लेखनिकाचं शिक्षण परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी असावं अशी अट असते, त्यामुळे पदवीधर आजी-आजोबा तिथे बहुतेक वेळा चालत नाहीत. अभ्यासासाठी वाचणारा मात्र हवाच असतो. मी ज्या मुलीला वाचून दाखवते ती बी.ए.ला आहे, इकॉनॉमिक्स. नुसता मजकूर सोपा असतो, खरी परीक्षा टेबल आलं की. आधी सांगायचं किती कॉलम आहेत, मग प्रत्येक कॉलमचं नाव, मग एकेक ओळ, आणि प्रत्येक आकड्याआधी कॉलमचं नाव परत, नाहीतर तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याला कळतच नाही आपण कुठे आहोत. ग्राफ असेल तर आडव्या रेषेवर काय, उभ्या रेषेवर काय, रेघ डावीकडून चढते की उतरते, कुठे वळते. कंस, तळटीप, ठळक अक्षर, सगळं सांगायचं. आणि आपलं मत मधे घालायचं नाही, "हे काही महत्त्वाचं नाही" असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. ती हात वर करते, "मावशी, मागची ओळ", की थांबायचं. तासाभराने घसा बसतो, पण मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता ती माझी वाट बघत असते, त्यामुळे त्या दिवशी माझी सकाळही वेगळी असते.

असं काम कुठे मिळेल, तर जवळच्या कॉलेजात दिव्यांग विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेले सर किंवा मॅडम असतात, त्यांना भेटा. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून विचारा की संध्याकाळी मुलांना गणित शिकवायला बसलो तर चालेल का. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून चालू आहे, ज्यांना पुस्तकांची आवड आहे त्यांनी आधी सभासद व्हा, महिना-दोन महिने जात राहा, मग काही मदत हवी का ते विचारा. नवी मुंबईत महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे पत्ते-कॅरम तर असतोच, पण तुम्हाला मोबाईल येत असेल तर तिथल्या चार जणांना यूपीआय आणि फसवणुकीचे फोन ओळखणं शिकवा, त्यांची मुलं त्यांना शिकवायला जातात आणि दोन मिनिटांत वैतागतात, आपण वैतागत नाही. पक्ष्यांची, निसर्गाची आवड असेल तर ऐरोलीला खाडीकाठी कोस्टल बायोडायव्हर्सिटी सेंटर आहे, ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, एकदा हिवाळ्यात जाऊन फ्लेमिंगो बघा आणि पुढच्या वेळी सोसायटीतल्या मुलांना घेऊन जा.

पैशांची गरज असेल तर पार्टटाइम कामही करा, त्यात कमीपणा काही नाही, जीएसटीचे हिशेब ठेवायला, छोट्या वर्कशॉपला आठवड्यातून दोन दिवस अनुभवी माणूस हवाच असतो. फक्त रक्कम आणि वेळ आधी ठरवा, "काका आपलेच आहेत" म्हणून फुकट राबवणारे असतात.

कुठेही सुरुवात करताना तीन महिन्यांसाठी म्हणून सांगा. "मी तीन महिने मंगळवार-शुक्रवार येईन, मग आपण बघू," असं म्हटलं की समोरच्यालाही बरं आणि नाही जमलं तर आपल्याला न दुखावता बाहेर पडता येतं. पण त्या तीन महिन्यांत दांडी नाही. गावाला जायचं असेल तर आदल्या आठवड्यात सांगायचं, लग्न असेल तरी सांगायचं, कारण फुकट काम करणारा माणूस हवं तेव्हा येतो असा संस्थांचा अनुभव असतो आणि मग ते आपल्यावर काही सोपवत नाहीत. आणि विचारायला जाताना फोनवर विचारू नका, व्हॉट्सॲपवर तर नाहीच, स्वतः जा, सकाळी अकराच्या आसपास जा, नाव-नंबर आणि आपण काय करू शकतो ते एका कागदावर लिहून नेलंत तर तो कागद टेबलावर राहतो. पहिल्या ठिकाणाहून उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी परत एकदा जा, तोपर्यंत दुसऱ्या ठिकाणी विचारून ठेवा.