आधी वॉर्डात उभे राहा, मग स्क्रीनला हात लावा

सहा वर्षं मी मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. आमच्या दोनशे खाटांच्या रुग्णालयात संगणक प्रणाली बसवायचं ठरलं, तेव्हा इनचार्ज सिस्टरांनी माझं नाव पुढे केलं. कारण एवढंच, की ड्युटीचा तक्ता मी एक्सेलमध्ये करायचे. त्या भांडवलावर मी या कामात आले. आता नर्सिंग, फार्मसी किंवा बीसीए केलेली मुलंमुली विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवलं ते पॅरासिटामॉलने. लहान मुलांसाठी ते वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. ड्रॉप्समध्ये साधारण १ मिलीत १०० मिग्रॅ, सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५०. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ धरलं तर लागतात १५० मिग्रॅ. म्हणजे ड्रॉप्स दीड मिली, पण १२५ वालं सिरप ६ मिली. आमच्या प्रणालीतल्या औषधांच्या यादीत नाव टाइप केलं की ड्रॉप्सची ओळ सर्वांत वर यायची. घाईतल्या निवासी डॉक्टरांनी मनात सिरप धरून पहिलीच ओळ निवडली आणि लिहिलं ६ मिली. म्हणजे ६०० मिग्रॅ, चौपट. रात्रपाळीच्या सिस्टरने ड्रॉपर हातात घेतला, हा सहा वेळा भरावा लागेल हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने डॉक्टरांना फोन केला. बाळ वाचलं ते तिच्या सवयीमुळे. यादी मी तपासली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही औषधाच्या नावातच तीव्रता घातली, मात्रा मिलीऐवजी मिलिग्रॅममध्ये घ्यायला लागलो आणि मिलीचा हिशेब प्रणालीवर सोपवला. त्यासाठी वजन भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी सोय केली. मला वाटलं, प्रश्न मिटला. दोन आठवड्यांनी नोंदी पाहिल्या तर कॅज्युअल्टीतून येणाऱ्या कितीतरी मुलांचं वजन नेमकं १० किलो! काटा होता ओपीडीच्या पलीकडच्या खोलीत. तापाने फणफणलेलं मूल, रडणारी आई, मागे रांग. तिकडे कोण जाणार? रकाना अडवतो म्हणून लोक दहा टाकून मोकळे होत होते. शेवटी उपाय प्रोग्रॅममध्ये नव्हता. काटा उचलून कॅज्युअल्टीच्या संगणकाशेजारी ठेवला, आणि वजनं खरी येऊ लागली.

म्हणून सांगते, पहिले पंधरा दिवस कोणताही स्क्रीन बनवू नका. तिन्ही पाळ्यांत वॉर्डात उभे राहा. केसपेपर कोण काढतं, लॅबचा रिपोर्ट कोणाच्या हातात पडतो, डिस्चार्ज कार्ड कुठे अडकतं, हे डोळ्यांनी पाहा. संगणकशास्त्रातून आलेल्यांनी तर हे नक्कीच करावं.

प्रणालीने डॉक्टरांना द्यायच्या इशाऱ्यांच्या बाबतीतही आम्ही आधी चुकलो. दोन औषधांमध्ये जरा काही संबंध असला की लाल चौकट यायची. महिन्याभरात डॉक्टर न वाचताच ती बंद करू लागले, आणि त्या ओघात महत्त्वाचा इशाराही बंद व्हायचा. मग फार्मासिस्ट आणि फिजिशियन यांच्यासोबत बसून आम्ही थोडेच इशारे अडवणारे ठेवले. बाकीची माहिती बाजूला, न अडवता. रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक, म्हणजे ६.५ च्या वर गेलं तर मात्र आम्ही स्क्रीनवर विसंबत नाही. लॅब फोन करते आणि ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा. जिथे फोन लागतो तिथे फोनच हवा.

अभ्यासाचं म्हणाल तर एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवं ते शोधून काढायची भाषा, नीट शिका, त्याला पर्याय नाही. निदानासाठी आयसीडी-१०, तपासण्यांसाठी लॉइन्क, वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी आणि माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एचएल७ फायर, या मानकांची ओळख करून घ्या. भारत स्नोमेडचा सदस्य देश असल्याने इथे त्याचा परवाना विनामूल्य मिळतो. ते काम पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतलं राष्ट्रीय ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी) मानक केंद्र पाहतं. केंद्र सरकारची ईएचआर मानकं २०१६ ची आहेत, ती एकदा पूर्ण वाचा. सराव ओपनएमआरएस किंवा बाम्नीवर करा. दोन्ही रुग्णांच्या नोंदींच्या मुक्त (ओपन सोर्स) प्रणाली आहेत आणि बाम्नी तर छत्तीसगडमधल्या गनियारीच्या ग्रामीण रुग्णालयात वाढली. सरावासाठी खऱ्या रुग्णांची माहिती घरी नेऊ नका, स्वतःच्या मोबाइलमध्येही नाही. सिंथियासारखं साधन काल्पनिक रुग्ण तयार करून देतं, ते वापरा.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये देशभर सुरू झालं, त्यामुळे प्रत्येकाची डिजिटल आरोग्य-ओळख असलेला १४ अंकी आभा क्रमांक आता तुमच्या रोजच्या कामात येईल. तो जोडला की सुनीता आणि सुनिता अशा एकाच बाईच्या दोन फायली होणं कमी होतं. पण क्रमांक नाही म्हणून कोणाला खिडकीवरून परत पाठवलं जात नाही ना, हे पाहणं तुमचंही काम आहे.

आणि वीज जाणार, नेटवर्क बंद पडणार, हे धरूनच चाला. प्रत्येक वॉर्डात छापील औषधचार्टांचा एक गठ्ठा आणि चालू औषधांची दर काही तासांनी निघणारी प्रत हवी. पावसाळ्यातल्या एका रात्री तीन तास सर्व्हर बंद होता. त्या कागदांवर एकही मात्रा चुकली नाही.

पहिल्या दिवशी करण्याजोगं एक काम सांगते. एका रुग्णाचा ताप एकदा मोजला जातो. तो लिहिला किती ठिकाणी जातो ते मोजा. आमच्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, नर्सिंग नोट्स, पाळी बदलताना द्यायच्या हँडओव्हरचं रजिस्टर आणि नव्याने आलेला संगणक, अशा चार ठिकाणी. त्यातलं रजिस्टर बंद करायला मला पाच महिने लागले. इनचार्ज सिस्टरांचा त्या वहीवर विश्वास होता. प्रणालीतून निघालेल्या हँडओव्हरच्या कागदावर त्यांच्या वहीतले सगळे रकाने त्याच क्रमाने आले, तेव्हा कुठे त्यांनी ती कपाटात ठेवली.