हजेरी वाढवायची असेल तर मूल परत येतं तो दिवस सांभाळा

शाळेत मुलांच्या हजेरीचं काम नव्याने अंगावर आलं की पहिली सूचना एकच मिळते: टक्केवारी वाढवा. कशी, ते कोणी सांगत नाही. मी याच कामात आहे आणि सगळं जमलंय असं अजिबात नाही. हजेरीपटात काही नावांपुढे अजूनही गैरहजेरीच्या खुणा जास्त आहेत. तरी जे कळलं ते लिहिते.

सरासरीवर जाऊ नका. वर्गात 40 मुलं आहेत. 36 जणांची हजेरी 98 टक्के, चौघांची 68. सरासरी येते 95. कागद देखणा दिसतो आणि चार मुलांची वर्षातली जवळजवळ तिसरा हिस्सा शाळा बुडालेली असते. म्हणून मूलवार बघा. शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के किंवा जास्त दिवस बुडाले की बऱ्याच ठिकाणी ती गंभीर गैरहजेरी धरतात. 200 दिवसांच्या वर्षात हे 20 दिवस झाले, म्हणजे महिन्याला साधारण दोन. एवढ्या दांड्या सहज नजरेतून सुटतात.

मुलाला शाळा आपली वाटावी, हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. पण गैरहजेरीचं कारण विचारल्याशिवाय आपलेपणाच्या गप्पा करू नका, हेही आधीच सांगते. आजारपण, येण्याजाण्याची अडचण, घरी लहान भावंडाला सांभाळणं यावरचे उपाय वेगळे आहेत. आणि त्रास देणारा मुलगा मागच्याच बाकावर बसलेला असेल तर ‘तू आमचाच आहेस’ हे वाक्य त्रास सोसणाऱ्या मुलाला थट्टा वाटेल. आधी त्या त्रासाचा बंदोबस्त करा.

आता मुख्य सापळा. माझा बराच काळ यातच गेला, म्हणून जरा लांबण लावते. आपलं सगळं लक्ष मूल आलं नाही त्या दिवसाकडे असतं. त्या दिवशी फोन होतो, नोंद होते, चिठ्ठी जाते. पण पुढची दांडी पडणार की नाही, हे पुष्कळदा मूल परत येतं त्या दिवशी ठरतं. तो दिवस त्याच्या बाजूने बघा. दारात पाय ठेवताच सगळ्यांसमोर ‘उगवलात का?’ असा प्रश्न येतो. वर्ग हसतो. त्याच्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं असतं. प्रकल्पाचे गट पाडून झालेले असतात आणि त्याचं नाव कुठल्याच गटात नसतं. फळ्यावरचं गणित मागच्या दोन दिवसांच्या शिकवण्यावर उभं असतं. मधल्या सुट्टीपर्यंत त्याला एवढंच कळतं, की आपण नव्हतो तरी इथे काही अडलं नाही. उद्या घरी राहणं सोपं होतं. मग आणखी बुडतं आणि परत येणं आणखी जड जातं.

बरं, टोमणा मारणारे शिक्षक वाईट असतात असंही नाही. कित्येकांना ती मायेची थट्टाच वाटते. तरीही ती बंद करा. याला अपवाद नको.

त्याऐवजी काय? ‘आलास, बरं झालं’ एवढं नाव घेऊन म्हणायचं आणि थांबायचं. कारण नंतर, एकट्याला विचारायचं. जागा त्याचीच ठेवायची. गट पाडताना गैरहजर मुलाचं नाव आधी लिहायचं. त्या दिवसांचे कागद एका मुलाने त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे, आणि पहिल्या तासाला त्याला उत्तर येईल असा एक तरी प्रश्न विचारायचा. या सगळ्याला पैसा लागत नाही. आठवण लागते, आणि चाळीस जणांच्या वर्गात तीच कमी पडते, मला मान्य आहे. म्हणून तीन नावांपासून सुरुवात करा. तीनच.

शंभर टक्के हजेरीच्या प्रशस्तिपत्रकांवर माझा राग आहे. ती बहुतेक त्याच मुलांना मिळतात जी एरवीही आली असती. 2021 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला एक अभ्यास आहे, सहावी ते बारावीच्या 15 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा. आधी न सांगता, झालेल्या पूर्ण हजेरीबद्दल ज्यांना बक्षीस दिलं, त्यांची पुढच्या महिन्यातली गैरहजेरी उलट वाढली. संशोधकांचा तर्क असा, की मुलांनी त्यातून ‘आपण अपेक्षेपेक्षा जास्तच येतो’ असा अर्थ काढला. तासाभरात छापून होणारं प्रशस्तिपत्रक मुख्याध्यापकांना आवडणारच, पण तुम्ही त्याच्या नादी लागू नका.

वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाची विचारपूस करायला शाळेतला एक मोठा माणूस जोडून द्या. तो निवडताना शिस्तीत कडक कोण हे बघू नका. मधल्या सुट्टीत मुलं ज्यांच्याभोवती रेंगाळतात तो माणूस निवडा, मग तो ग्रंथालयातला असो की कार्यालयातला. आणि महिनाभराचा उत्साह नको. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 1990 मध्ये सुरू झालेल्या, मुलांना शाळेत टिकवण्यासाठीच्या ‘चेक अँड कनेक्ट’ उपक्रमात मार्गदर्शकाने किमान दोन वर्षं त्याच मुलासोबत राहणं अपेक्षित असतं. जोडून द्यायचं आणि सत्र संपताच काढून घ्यायचं, याच्यापेक्षा न जोडलेलं बरं.

फरक पडतोय का हे बघायला फक्त हजेरीपट पुरत नाही, कारण हजेरी उशिरा हलते. संशोधक कॅरल गुडनाऊ यांनी 1993 मध्ये शाळेशी असलेलं नातं मोजायला 18 विधानांची प्रश्नावली मांडली. तेवढी लांब नको असेल तर दोनच प्रश्न विचारा: इथे तुझं म्हणणं कोण ऐकून घेतं? तू आला नाहीस तर कोणाच्या लक्षात येईल? नाव लिहायला लावू नका. कोरे कागद बरेच आले तर घाबरू नका, पहिल्या वेळी येतातच.

वर्ग बदलताना पुढच्या शिक्षकांकडे नुसती टक्केवारी जाते. सोबत तीन ओळी लिहून द्या: हे मूल कोणाशेजारी रमतं, त्याच्याकडे वर्गातलं कोणतं काम होतं, आणि परत आल्यावर त्याला काय विचारलेलं चालत नाही.