सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ क्लॅरिनेट आणि पियानोसाठी कशी बसवावी

फ्रेंच अभिजात संगीतातली एखादी रचना क्लॅरिनेट आणि पियानोसाठी पहिल्यांदाच बसवणार असाल, तर एरिक सातीची पहिली ‘जिम्नोपेदी’ (१८८८) घ्या. मूळ रचना एकट्या पियानोची, ७८ बारांची, ३/४ मध्ये, दोन शार्पची. चाल एकेरी स्वरांची आणि साथीपासून सुटी आहे, त्यामुळे क्लॅरिनेटला काय द्यायचं हा प्रश्न सोपा होतो. फ्रेंच संगीतकार देब्युसीने पहिली आणि तिसरी जिम्नोपेदी वाद्यवृंदासाठी बसवली होती, म्हणजे हे संगीत दुसऱ्या वाद्यांवर टिकतं यात शंका नाही. साती १९२५ मध्ये गेला. भारतात आणि फ्रान्समध्येही मूळ रचनेचे हक्क संपलेले आहेत. आयएमएसएलपी या हक्कमुक्त नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावरून जुनी छापील प्रत उतरवून घ्या. कुणी अलीकडे केलेलं संपादन किंवा रूपांतर मात्र आधाराला घेऊ नका, त्याचे हक्क वेगळे असतात.

आधी क्लॅरिनेटची जागा ठरवा

बरेच जण चाल जशीच्या तशी क्लॅरिनेटच्या ओळीत उतरवतात आणि तालमीला बसल्यावर अडकतात. स्केल आणि सप्तक कागदावर एकही स्वर लिहिण्याआधी ठरवायचं असतं.

आपल्याकडे बँडपथकांपासून संगीतशाळांपर्यंत जो क्लॅरिनेट सहज मिळतो तो बी-फ्लॅटचा. तो लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजतो, म्हणून डी मेजरची रचना त्याच्यासाठी ई मेजरमध्ये, चार शार्पमध्ये लिहावी लागते. ए क्लॅरिनेटसाठी तीच एफ मेजरमध्ये येते, एकाच फ्लॅटची. पण ए क्लॅरिनेट हाताशी असेलच असं नाही, म्हणून इथे बी-फ्लॅट धरून चालू.

मधला सी म्हणजे सी४ असं मोजलं तर मूळ चाल पाचव्या बारच्या दुसऱ्या बीटवर सुरू होते: एफ-शार्प५, ए५, मग जी, एफ-शार्प, सी-शार्प, मग बी४, सी-शार्प, डी, पुढे पूर्ण बारभर ए४ आणि शेवटी चार बार धरलेला एफ-शार्प४. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर हेच जी-शार्प५, बी५, ए, जी-शार्प, डी-शार्प, सी-शार्प, डी-शार्प, ई, बी४, जी-शार्प४ असं दिसेल.

आता क्लॅरिनेटचा ‘ब्रेक’, म्हणजे खालच्या आणि वरच्या स्वरांमधला सांधा, बघा. लिहिलेल्या बी-फ्लॅट४ पर्यंत जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात. त्याच्या पुढच्या बी४ ला एकदम सगळी बोटं आणि रजिस्टर की (वरच्या स्वरांत नेणारी कळ) दाबावी लागते. मूळ सप्तकात आपली चाल हा ब्रेक एकदाच ओलांडते, तीही वरून खाली (बी४ वरून जी-शार्प४ वर). ते जमण्यासारखं आहे. पण ‘खालचा आवाज गोड लागेल’ म्हणून हीच चाल ई मेजरमध्ये एक सप्तक खाली आणली, तर सुरुवातच जी-शार्प४–बी४–ए४ अशी होते. एका बीटमध्ये ब्रेकच्या वर आणि लगेच परत खाली, तेही एका स्लरमध्ये, म्हणजे स्वर न तोडता. संथ लयीत प्रत्येक खटका ऐकू येतो.

खालचा शालुमो रंगच (क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांचा आवाज) हवा असेल तर रचना एक पूर्ण स्वर उतरवून सी मेजरमध्ये घ्या. क्लॅरिनेटचा कागद डी मेजरचा होतो आणि खालच्या सप्तकात पहिली ओळ ए४ पासून एफ-शार्प३ पर्यंत, म्हणजे पूर्णपणे ब्रेकच्या खाली बसते. क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा लिहिलेला स्वर ई३ आहे. पुढच्या ओळी त्याच्या खाली जात नाहीत ना, हे एकेक बार घेऊन तपासा. आमचा सल्ला असा: रचनेचे दोन भाग जवळजवळ सारखे आहेत, दुसरा ४० व्या बारपासून सुरू होतो. सी मेजर घ्या, पहिला भाग वरच्या सप्तकात ठेवा आणि दुसऱ्या भागाची सुरुवात खाली न्या. एकच सप्तक वापरायचं असेल तर मात्र मूळ डी मेजर सोडू नका.

पियानोचा मोकळा हात

मूळ रचनेत डावा हात पहिल्या बीटला खालचा जी वाजवतो आणि दुसऱ्या बीटला वर उडी मारून बी–डी–एफ-शार्पचा कॉर्ड घेतो. पुढच्या बारमध्ये खालचा डी आणि ए–सी-शार्प–एफ-शार्प. चाल क्लॅरिनेटकडे गेली की उजवा हात रिकामा होतो. त्याला कॉर्ड द्या, डाव्याला फक्त बेस. उडी संपते आणि पेडल प्रत्येक बारला स्वच्छ बदलता येतं. यापलीकडे काही भरू नका. चालीची दुहेरी, आर्पेजिओ, बेसचं सप्तक, यातलं काहीही घातलं की ही रचना जड होते. तिचं सौंदर्य त्या रिकाम्या तिसऱ्या बीटमध्ये आहे.

एका जागी मात्र स्वर काढावा लागतो. बार ९ ते १२ मध्ये क्लॅरिनेट एफ-शार्प४ धरून असतो आणि दोन्ही कॉर्डचा वरचा स्वरही नेमका तोच आहे. क्लॅरिनेटच्या कागदावर तो जी-शार्प४ असतो: थ्रोट टोन, म्हणजे ब्रेकच्या लगेच खालचा स्वर, पातळ आणि बहुधा थोडा चढा. त्याच्यावर पियानो दर बारला तोच स्वर ठोकतो, तेव्हा सुरातला बारीकसा फरकही कंप होऊन कानाला लागतो. उपाय दोन आहेत. वादकाने उजव्या हाताची दोन-तीन बोटं दाबून तो स्वर भरदार आणि किंचित उतरता करावा. नेमकी बोटं प्रत्येक वाद्यावर ट्यूनर लावून शोधावी लागतात. आणि तुम्ही बार ९ ते ११ मध्ये कॉर्डमधला एफ-शार्प काढून टाका. क्लॅरिनेट तो देतोच आहे, कॉर्ड पूर्णच ऐकू येतो. सी मेजर घेतलात तर अडचण कमी होते (तिथे हा स्वर लिहिलेला एफ-शार्प४ असतो), तरी जुळणारा स्वर काढलेला बरा.

श्वास आणि लय

चालीची पहिली ओळ (बार ५ ते १२) २३ बीटांची. मिनिटाला ७२ बीट धरले तर सुमारे १९ सेकंद, तेही हळू आवाजात. म्हणून शेवटचा धरलेला स्वर चारऐवजी तीन बार लिहा आणि बाराव्या बारमध्ये पियानोचा एफ-शार्प परत आणा. क्लॅरिनेटला शांतपणे श्वास मिळतो आणि स्वर तुटल्यासारखा वाटत नाही. त्या तीन बारांवर डिमिन्युएन्डोची (आवाज हळूहळू कमी करण्याची) खूण हवीच: पियानोवर धरलेला स्वर आपोआप विरतो, क्लॅरिनेटवर तो विरवावा लागतो. श्वासाच्या खुणा सगळ्याच ओळींत घालून द्या.

कागद तयार करताना

म्यूजस्कोर हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसा आहे. वाद्य म्हणून बी-फ्लॅट क्लॅरिनेट निवडा, ‘कॉन्सर्ट पिच’ चालू करून ऐकू येणारे स्वर भरा, मग तो बंद करा. हाताने ट्रान्सपोज करून भरलं आणि सॉफ्टवेअरनेही केलं, तर सगळं एक स्वर वर जातं. पियानोच्या प्रतीत वरच्या ओळीवर ‘बी-फ्लॅट क्लॅरिनेट’ स्पष्ट लिहा. क्लॅरिनेटचा भाग एका पानात बसतो, एका ओळीत साधारण सहा बार ठेवा.

यानंतर फ्रेंच संगीतकार फोरेची गाणी घ्या. त्यांत श्वासाच्या जागा शब्दांनी ठरवून दिलेल्या असतात. एकाच स्वरावर येणारी अक्षरं हलक्या टंगिंगने (जिभेच्या स्पर्शाने) वेगळी करावी लागतात, स्लरमध्ये ओढायची नाहीत. देब्युसीचे प्रेल्यूड त्याच्याही नंतर. त्याच्याकडे चाल पुष्कळदा समांतर सरकणाऱ्या कॉर्डचा वरचा स्वर असते. ती उचलून क्लॅरिनेटला दिली की खालचे कॉर्ड पोकळ होतात, म्हणून अशा जागा पूर्ण पियानोकडेच ठेवा. त्यातल्या ‘ला फीय ओ शव्ह द लँ’ या प्रेल्यूडची सुरुवात एकेरी आहे, पण डी-फ्लॅट५, बी-फ्लॅट, जी-फ्लॅट, ई-फ्लॅट असं उतरून ती लगेच परत चढते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर ते ई-फ्लॅट५, सी५, ए-फ्लॅट४, एफ४ होतं आणि ब्रेक प्रत्येक वेळी आड येतो. ए क्लॅरिनेट मिळाला तर मूळ जी-फ्लॅट मेजरला एफ-शार्प मेजर समजून लिहा. कागद तीन शार्पचा होतो, ब्रेक मात्र तिथेही सी-शार्प५ आणि ए४ च्या मध्येच राहतो.