जुनं सॉफ्टवेअर नेटवर्कवर अडलं, तर आधी कुठे बघायचं?

जळगाव, भुसावळ, सावदा या पट्ट्यात संगणक दुरुस्तीच्या लाइनीत येत असाल, तर जुन्या प्रोग्रामांची तयारी ठेवा. डाळमिल, जिनिंग, केळीचे व्यापारी अशा ठिकाणी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवरचे हिशेब अजून भेटतात. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच बंद केला. तरी वर्षानुवर्षांची खाती त्यात आहेत, मालक ती सोडायला तयार नसतो, आणि मला ते पटतं.

"भाऊ, काल तं चालू होतं!" हे वाक्य खरं धरा आणि कालपासून काय बदललं ते विचारा. विंडोजचं अपडेट, नवा राउटर, अँटीव्हायरस, की मध्येच गेलेली लाइट?

हात लावण्याआधी सगळ्यांना प्रोग्राम बंद करायला सांगून डेटाची कॉपी घ्या. मग मेन मशीनवर, म्हणजे डेटा ज्यावर आहे त्यावर, प्रोग्राम उघडा. तिथेही अडला तर बहुधा इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, बिघडलाय; रीइंडेक्स करा, म्हणजे ती नव्याने बनवा. तिथे नीट चालला तर दोष वाटेत आहे. लाइट आल्यावर राउटरने मेन मशीनला वेगळा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला असेल, तर तो कायमचा ठरवून टाका. नोडवर (मेन मशीनला जोडलेल्या बाकीच्या संगणकावर) प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला की मॅप केलेला ड्राइव्ह (ड्राइव्हसारखं जोडलेलं मेन मशीनचं फोल्डर) त्याला दिसत नाही, तेही तपासा. डेटा विंडोज एक्सपीच्या मशीनवर असेल, तर विंडोज १० ला तो सापडत नाही, कारण २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) सहसा बंदच येतं. ते चालू करून मोकळे होऊ नका. फाइल्स अडकवून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. एक्सपीचं मशीनच बदलायला सांगा.

सगळ्यात चकवणारा प्रकार वेगळाच. एकाच मशीनवर मुनीमजींचं आणि मालकाच्या मुलाचं लॉगिन वेगळं, आणि एकाने टाकलेली व्हाउचरं दुसऱ्याला दिसत नाहीत. कुणी काही पुसलेलं नसतं. विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरात लिहायची परवानगी नसली, की विंडोज जुन्या प्रोग्रामचं लिखाण गुपचूप ज्याच्या त्याच्या लॉगिनखालच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवतं. म्हणजे एका दुकानाची दोन खाती! प्रोग्राम तिथून काढून डी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात ठेवा. मग दोन्हीकडच्या नोंदी जुळवा, पण मुनीमजींना शेजारी बसवून. कुठलं व्हाउचर खरं, कुठलं दुबार, हे त्यांनाच माहीत असतं.