पुण्यात बसून बुडत्या होडीची किशोर कादंबरी लिहायची तर

आधी महिना ठरवा. कोकणातल्या बेटावर पंधरा वर्षांची मुलगी दिवाळीनंतर अडकवलीत, तर दुसऱ्याच दिवशी एखादी मच्छीमार बोट तिला उचलून नेईल आणि कादंबरी तिसाव्या पानावर आटपेल. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. वल्ह्या-शिडाच्या होड्यांना नसते. म्हणून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिला भावाबरोबर अशाच छोट्या होडीतून निघू द्या. (मोबाइल पहिल्या लाटेतच बुडवा, त्यावर परिच्छेद नको.)

पावसाळ्यात तहान हा प्रश्न नसतो. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. दोन बाय दोनच्या ताडपत्रीवर १० मिलिमीटर पडला की ४० लिटर. जीव घेतो तो ओल्या कपड्यांवरचा वारा, आणि काही केल्या न पेटणारा जाळ. कथानक उन्हाळ्यात नेलंत तर मात्र घोटाघोटाचा हिशेब ठेवा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायल्याहून जास्त पाणी लागतं, त्यामुळे खारं पाणी पिऊन तरतरी आलेली नायिका चालणार नाही.

रोज पहाटेच भरती, ही नेहमीची चूक. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पंचांग उघडून प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिथी लिहून ठेवा.

आता श्रद्धा. नुसता ‘देव’ चालत नाही; संशय यायला आधी कुणावर तरी भरवसा हवा. कोळ्यांची एकवीरा कार्ल्याला आहे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. लोणावळा लोकलनं मळवलीला उतरा, चैत्रातल्या यात्रेत नवस कसा बोलतात ते ऐका. मग नायिकेला एकच मागणं द्या, घडलं की नाही हे कळेल असं: भाऊ सापडू दे. भाऊ सापडत नाही, आणि न मागितलेला पाऊस मात्र पडतो. तिचा प्रश्न इथून सुरू होतो. पानभर स्वगत लागत नाही; संध्याकाळी हात जोडायचे ती विसरते, एवढं पुरे. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसच्या वाटेवर ‘रामदास’ ही प्रवासी बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या बातम्या वाचताना ‘वाचलो, पण मीच का?’ हा प्रश्न मनात ठेवा.

सुटका प्रार्थनेच्या क्षणी केलीत तर निकाल लेखकानंच दिला. प्रार्थना सोडल्याच्या क्षणी केलीत तरी तेच, फक्त नास्तिकांचा चमत्कार. बोट यावी ती बंदी उठली म्हणून, ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत. कीर्तनकार आजोबांना शेवटच्या प्रकरणात बोलावू नका. नारळी पौर्णिमेला दर्याला द्यायचा नारळ तिच्या हातात द्या, आणि ती तो पाण्यात सोडते की फोडून खाते, तेवढंच लिहा.