गरोदरपणात मध्येच भडकणारं बीपी : या चुका टाळा

मे महिन्यात गोव्यातल्या साखळी-वाळपईकडची गरोदर बाई म्हणाली, "एकदम घाम फुटतो, छाती धडधडते, डोकं ठणकतं," की घरचे म्हणतात, उकाडा आहे. कधी कधी आपण डॉक्टरही तेच म्हणतो. पहिली चूक इथंच होते. उकाड्याचा घाम पंख्याखाली बसलं की ओसरतो. ही तिन्ही लक्षणं झटक्यानं एकत्र येत असतील, तेवढ्यापुरतं बीपी भडकत असेल, तर पॅरागँग्लिओमा आठवलाच पाहिजे. अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची हार्मोन्स सोडणारी ही गाठ फार क्वचित हृदयावरही वाढते.

बीपी वाढलं की लगेच प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणामुळेच होणाऱ्या बीपीच्या आजाराचा) शिक्का मारू नका. तो साधारण 20 आठवड्यांनंतर होतो आणि बहुधा लघवीत प्रथिनं सापडतात. बीपी त्याआधीच वाढलं असेल, उभं राहिल्यावर एकदम पडत असेल, तर शंका घ्या. ओपीडीतलं नॉर्मल रीडिंग काहीच सिद्ध करत नाही. झटका आलेला असतानाच बीपी मोजून लिहून ठेवायला सांगा.

मेटानेफ्रिनची (याच हार्मोन्सपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांची) रक्ताची किंवा 24 तासांच्या लघवीची तपासणी गरोदरपणातही भरवशाची असते. मात्र लॅबेटालॉल, मिथाइलडोपा ही बीपीची औषधं चालू असतील तर लॅबला कळवा. आकडे वाढलेले आणि पोटाची सोनोग्राफी स्वच्छ, म्हणून शोध थांबवू नका. छातीत बघा : इको (हृदयाची सोनोग्राफी), मग गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधाशिवाय) एमआरआय. सुई घालून गाठीचा तुकडा काढणं तर नकोच.

सगळ्यात घातक चूक औषधांच्या क्रमाची. नाडी जोरात आहे म्हणून आधी बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) दिला, तर रक्तवाहिन्या सैल करणारी वाट बंद होते, आवळणारी मोकळी राहते आणि बीपी आभाळाला भिडतं. आधी अल्फा ब्लॉकर, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध (डॉक्साझोसिन किंवा फेनॉक्सिबेंझामिन), सोबत पुरेसं पाणी-मीठ. बीटा त्यानंतर, तोही लागला तरच. लॅबेटालॉल दोन्ही कामं करतं खरं, पण त्याचा बीटा परिणाम जास्त, म्हणून सुरुवात त्यानं नको. उलटीसाठी सहज दिलेलं मेटोक्लोप्रमाइडही झटका आणू शकतं. बाळाच्या फुफ्फुसांसाठीचं स्टेरॉइड द्यायचं झालं, तर अल्फाचं कवच आधी हवं.

हृदयावरची गाठ काढायला बहुधा हार्ट-लंग मशीन लागतं आणि त्यात बाळाला धोका असतो. म्हणून अनेकदा औषधांवर सांभाळून प्रसूतीनंतर ऑपरेशन करतात. हा निर्णय एकट्यानं घेऊ नका, बाईला वेळेत बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. प्रसूतितज्ज्ञ, हृदय शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर आधीच एकत्र बसलेले हवेत. आणि माहेरी कुणाला असा आजार होता का, हे विचारा. एसडीएचबीसारख्या जनुकातला दोष असेल तर तिच्या भावंडांचीही तपासणी लागते.